उघड्या टॅगांचा शोध आणि संहितेच्या सीमा

१. प्रास्ताविक

जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचम्पू’ हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना प्रामुख्याने परिचित आहे तो वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे. १६३८ मधील रणदुल्लाखानाच्या मोहिमेनंतर बंगळूर केम्पेगौडांच्या वंशजाकडून आदिलशाहीकडे आणि पुढे शहाजीराजांकडे आले. त्या शहाजीराजांच्या दरबाराचे दर्शन या ग्रंथात घडते. चम्पू म्हणजे गद्यपद्यमिश्रित रचना. या चम्पूत तर संस्कृताबरोबर इतर अनेक भाषांतील पद्येही आली आहेत, आणि मुद्रित आवृत्तीत राजवाड्यांची विस्तृत प्रस्तावना मूळ ग्रंथापूर्वी येते. एकाच मुद्रित ग्रंथात असे अनेक आवाज नांदतात : कवीचा, कवीने ज्यांच्या तोंडी भाषा घातली त्यांचा, आणि जवळजवळ तीन शतकांनंतरच्या संपादकाचा.

कागदावर हे आवाज टंकाचा आकार, समास, रेघ आणि मोकळी जागा यांच्या साह्याने वेगळे राखले जातात. तोच ग्रंथ संगणकात मजकूर म्हणून उतरवायचा झाला, तर या दृश्य संकेतांच्या जागी स्पष्ट खुणा लिहाव्या लागतात. या खुणांना टॅग म्हणतात. प्रत्येक आवाज जेथे सुरू होतो तेथे एक टॅग उघडतो आणि जेथे संपतो तेथे तो मिटतो. मिटायचा राहिला, तर संगणकाच्या लेखी तो आवाज संपतच नाही. अशा उघड्या राहिलेल्या टॅगांचा शोध रेग्युलर एक्स्प्रेशन या साधनाने कसा घेता येतो, ते साधन कोठवर विश्वासार्ह आहे आणि कोठून पुढे संपादकाची जबाबदारी सुरू होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. टॅगांची भाषा

मजकुराला खुणा लावण्याच्या पद्धतीला मार्कअप असे नाव आहे. १९८६ साली एसजीएमएल ही मार्कअपची सर्वसाधारण पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तिचेच सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल प्रसिद्ध झाली. साहित्यिक आणि ऐतिहासिक संहितांसाठी १९८७ पासून टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह हा उपक्रम मार्गदर्शक सूत्रे तयार करीत आला आहे. एक्सएमएलमध्ये टॅगांची नावे देवनागरीतही लिहिता येतात, ही मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. पुढील नमुना काल्पनिक असून केवळ स्पष्टीकरणासाठी दिला आहे.

<पद्य भाषा="मराठी">
<चरण>पहिल्या चरणाचा मजकूर</चरण>
<चरण>दुसऱ्या चरणाचा मजकूर
</पद्य>

कोनी कंसातील नाव हा उघडणारा टॅग, आणि त्याच नावापूर्वी तिरकी रेघ असलेला तो मिटणारा टॅग. वरील नमुन्यात दुसरा चरण उघडला आहे, पण मिटलेला नाही. चार ओळींत हा दोष डोळ्यांना सहज दिसतो. चारशे पृष्ठांच्या ग्रंथात तो दिसत नाही, कारण वाचकाची नजर मजकुराच्या अर्थावर असते आणि खुणांवरून ती घसरत जाते. मुद्रितशोधन ज्यांनी केले आहे त्यांना अर्थाच्या ओघात गाळलेला काना कसा निसटतो हे सांगावे लागत नाही. टॅगाचेही तसेच आहे.

या दोषाचा परिणाम मात्र काना निसटण्याहून मोठा असतो. समजा, चरणाऐवजी ‘भाषा="मराठी"’ असा शेरा असलेला पद्याचाच टॅग उघडा राहिला. मग पुढील संस्कृत वा हिंदुस्थानी पद्य संगणकाच्या दृष्टीने मराठी ठरेल. सतराव्या शतकातील दक्षिणेकडच्या मराठीचा शब्दसंग्रह करणारा अभ्यासक जेव्हा ‘मराठी पद्यांतील सर्व शब्द द्या’ असे विचारील, तेव्हा त्याच्या यादीत परके शब्द येतील, आणि ते कोठून आले याचा मागमूस यादीत नसेल. टीपेचा टॅग उघडा राहिला तर कवीच्या ओळी संपादकाच्या नावावर जमा होतील.

३. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे काय

संगणकात आपण नेहमी एखादा ठरावीक शब्द शोधतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दाऐवजी शब्दाचा साचा दिला जातो. या कल्पनेचा उगम गणितात आहे. स्टीफन क्लेनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने मज्जापेशींच्या जाळ्याच्या गणिती प्रतिमानाचा अभ्यास करताना १९५१ साली ती मांडली आणि १९५६ मध्ये तो निबंध छापून प्रसिद्ध झाला. १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी तिचा उपयोग मजकुरातील शोधासाठी केला. तेव्हापासून मजकूर हाताळणाऱ्या बहुतेक साधनांत ती रुजली आहे.

या लेखापुरते थोडेच संकेत पुरेसे आहेत. चौकटी कंसात लिहिलेल्या अक्षरांपैकी कोणतेही एक चालते. कंसात आरंभी ^ हे चिन्ह असल्यास त्या अक्षरांखेरीज कोणतेही एक. बिंदू म्हणजे कोणतेही एक अक्षर, परंतु वेगळी सूचना नसेल तर तो ओळीच्या अखेरीस थांबतो. फुली, म्हणजे *, म्हणजे आधीचा घटक कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा. अधिकचे चिन्ह म्हणजे निदान एकदा. गोल कंसानंतरचे प्रश्नचिन्ह म्हणजे तो घटक असला तर असो. आणि (?!…) या रचनेचा अर्थ ‘या ठिकाणी पुढे अमुक नसेल तरच’.

आता सर्व टॅग वेचण्याचा साचा असा होईल : <[^<>]+>. म्हणजे कोनी कंस उघडला, मग कोनी कंस नसलेली निदान एक वा अधिक अक्षरे आली, आणि कंस मिटला. येथे नवशिक्यांकडून बहुधा <.*> असे लिहिले जाते. फुली ही हावरी असते, ती जितके घेता येईल तितके घेते. त्यामुळे ओळीतील पहिल्या टॅगाच्या आरंभापासून शेवटच्या टॅगाच्या अखेरीपर्यंत सारा मजकूर एकच टॅग म्हणून हाती येतो.

४. उघड्या टॅगांचा माग

पहिली पायरी मोजणीची. <चरण> किती वेळा आला आणि </चरण> किती वेळा, हे मोजावे. मिटणारे एकाने कमी असतील, तर एक चरण उघडा राहिल्याचा संभव आहे. फरक दोनाचा असेल, तर दोन चरण उघडे असतील किंवा एकाच ठिकाणी तिरकी रेघ राहून मिटणाऱ्याचा उघडणारा झाला असेल, कारण त्या चुकीने एक बाजू वाढते आणि दुसरी घटते. संख्या सारख्या निघाल्या म्हणजे संहिता निर्दोष ठरली असे मात्र समजू नये. एके ठिकाणी समाप्ती गळाली आणि दुसरीकडे ती चुकून दोनदा पडली, तरी बेरीज जुळते.

दुसरी पायरी जागा शोधण्याची. त्यासाठी पुढील साचा उपयोगी पडतो.

<चरण>[^<]*<(?!/चरण>)

याचे वाचन असे : चरण उघडला, मग कोनी कंसावाचूनचा मजकूर आला, मग नवा कोनी कंस आला, पण तो चरणाच्या समाप्तीचा नाही. वरील नमुन्यातील दुसरा चरण या साच्यात नेमका सापडतो, कारण त्याच्यानंतर थेट </पद्य> येते. येथे मुद्दाम बिंदू टाळला आहे. ‘[^<]’ या घटकाला ओळीची मर्यादा नसल्याने मजकूर दोन ओळींत मोडला असला तरी शोध चालू राहतो.

परंतु चरणाच्या पोटात स्थळनाम किंवा व्यक्तिनाम यांचे टॅग असतील, तर हा साचा निर्दोष चरणही संशयित म्हणून पुढे करतो. तेव्हा पुढील साचा घ्यावा.

<चरण>(?:(?!</चरण>).)*<चरण>

यात प्रत्येक अक्षरापूर्वी ‘येथे समाप्ती तर नाही ना’ असे पाहूनच पुढचे पाऊल टाकले जाते. एक चरण मिटण्यापूर्वी दुसरा उघडला, तरच साचा जुळतो. बिंदूने ओळी ओलांडाव्यात अशी सूचना येथे द्यावी लागते. ग्रंथातील शेवटचा चरण उघडा असेल तर त्यानंतर दुसरा चरण नसल्याने हा साचा गप्प राहतो. म्हणून शेवटच्या <चरण>ऐवजी </पद्य> घालून हाच शोध पुन्हा घ्यावा.

तिसरा दोष कोनी कंसच मिटायचा राहण्याचा. त्याला <[^<>]*< हा साचा पुरतो.

गुणविशेष असलेल्या टॅगांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. <पद्य> एवढेच शोधले तर <पद्य भाषा="मराठी"> निसटतो. <पद्य[^>]*> असे लिहिले तर <पद्यखंड> हा वेगळाच टॅगही हाती लागतो. योग्य रूप <पद्य(?: [^>]*)?> असे आहे. तसेच काही टॅग जन्मतःच एकटे असतात. <पृष्ठ क्रमांक="१४"/> ही पानाच्या आरंभाची खूण तशीच आहे. पान बहुधा ओवीच्या मध्यात उलटते. त्यामुळे पृष्ठ आणि ओवी एकमेकांच्या पोटात नीट बसू शकत नाहीत, आणि पृष्ठाची केवळ जागा दाखवून थांबावे लागते. अशा एकट्या टॅगांना मोजणीतून वगळले पाहिजे.

५. स्मृतीचा प्रश्न

एवढे साचे हाती आल्यावर सर्वच दोष त्यांनी सापडतील असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही, आणि त्याचे कारण तात्त्विक आहे. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली भाषेच्या तीन प्रतिमानांची तुलना करताना दाखवून दिले की, मर्यादित अवस्थांचे यंत्र एकात एक गुंतलेल्या रचना ओळखण्यास असमर्थ असते. क्लेनी यांच्या मूळ अर्थाने रेग्युलर असलेला साचा हा अशाच यंत्राच्या तोडीचा असतो.

मराठी वाचकाला हे ‘जर’ आणि ‘तर’ यांवरून समजावून घेता येईल. ‘जर’ आले की ‘तर’ची अपेक्षा उघडते. ‘जर, जेव्हा पूर येतो तेव्हा वाट बंद होत असेल, तर आजच निघावे’ या वाक्यात ‘जेव्हा–तेव्हा’ची जोडी ‘जर–तर’च्या पोटात बसली आहे. वाचक आधी आतली जोडी मिटवतो आणि मग बाहेरची. त्यासाठी ‘जर’ अजून उघडा आहे हे त्याला मध्यंतरी स्मरणात ठेवावे लागते. ज्या यंत्राला पाचच अवस्था ठाऊक आहेत, त्याला सहाव्या उघड्या जोडीची आठवण ठेवता येत नाही. अवस्था वाढवल्या तरी त्याहून खोल गुंफण करणे शक्य असते.

उपाय चळतीचा आहे. रुपयांच्या नाण्यांची चळत रचतो तशी टॅगांची रचावी. उघडणारा टॅग आला की वर ठेवावा. मिटणारा आला की सर्वांत वरच्याशी ताडून पाहावा. जुळला तर वरचा काढून टाकावा, न जुळला तर तेथे दोष आहे. ग्रंथ संपल्यावर चळतीत जे उरले ते उघडे राहिलेले टॅग. आपल्या नमुन्यात </पद्य> येते तेव्हा चळतीच्या माथ्यावर <चरण> असतो, आणि दोष तत्काळ उघडकीस येतो. रेग्युलर एक्स्प्रेशनने टॅग वेचावेत आणि चळतीने त्यांचा हिशेब ठेवावा, अशी ही कामाची वाटणी आहे. पर्ल या संगणकभाषेच्या २००७ मधील ५.१० आवृत्तीपासून साच्यातच पुनरावर्तनाची सोय झाली, परंतु तो साचा मग क्लेनी यांच्या अर्थाने रेग्युलर उरत नाही, आणि वाचण्यासही दुर्बोध होतो.

चळत ठेवणाऱ्या तपासणीलाही एक उणीव आहे. दोष कोठे लक्षात आला ते ती सांगते, कोठे घडला ते सांगेलच असे नाही. बाराव्या पृष्ठावर उघडलेला उल्लास मिटला नसेल, तर तक्रार ग्रंथाच्या अखेरच्या ओळीवर येऊ शकते. अशा वेळी पुन्हा साच्यांकडे वळावे लागते. उल्लास उघडा असताना दुसरा उल्लास कोठे सुरू झाला, हे चौथ्या विभागातील साचा क्षणात दाखवतो.

६. देवनागरीच्या अडचणी

पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे रोमन लिपीची असतात. देवनागरीत काही निराळ्या अडचणी येतात. संगणकाच्या लेखी ‘वी’ हे एक अक्षर नसून ‘व’ आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत. म्हणून बिंदूने ‘कोणतेही एक अक्षर’ मागितले तर हाती अर्धेच अक्षर येते. काही साधनांत, उदाहरणार्थ पायथन भाषेच्या मूळ साधनात, ‘शब्दातील अक्षर’ या संकेतात काना, मात्रा, वेलांटी यांचा समावेश होत नाही आणि शब्द मध्येच तुटतो. म्हणून टॅगांची नावे पूर्ण लिहून शोधणे श्रेयस्कर.

उलट, याच गुणाचा लाभही घेता येतो. <ओवी> उघडून </ओवि> असे ऱ्हस्व लिहून मिटवले असेल, तर डोळ्यांना तो टॅग मिटल्यासारखा वाटतो, संगणकाला नाही. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण साठवली जाते नंतर. म्हणून ‘ओव’ या दोन चिन्हांपुढे चौकटी कंसात दोन्ही वेलांट्या ठेवल्या की दोन्ही रूपे एकाच शोधात सापडतात.

मराठीचा खास प्रश्न अर्ध्या ‘र’चा. ‘वऱ्हाडी’ या शब्दातील ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बोलीतील संवादासाठी <वऱ्हाडी> हा टॅग एका टंकलेखकाने उघडला आणि दुसऱ्याने वेगळ्या कळफलकावर मिटवला, तर पानावर पूर्ण जोडी दिसत असूनही तपासणी तो टॅग उघडा असल्याचे सांगेल. कामाच्या आरंभीच सर्व मजकुरात एकच रूप राखणे हा यावरचा उपाय आहे.

७. मौन दुरुस्तीचे धोके

उघड्या टॅगाची उपेक्षा दीर्घकाळ होत राहिली, याचे एक कारण संगणकाचा सौजन्यशील स्वभाव हे आहे. एक्सएमएल दोष आढळताच थांबते, पण संकेतस्थळांची एचटीएमएल भाषा अशी कठोर नाही. उघडा टॅग आढळला की तो कोठे मिटला असावा याचा अंदाज बांधून ती पुढे जाते. विकिपीडिया आणि तिच्या भगिनी प्रकल्पांत टायडी हा प्रोग्राम असे टॅग परस्पर मिटवीत असे. जुलै २०१८ पर्यंत या सर्व प्रकल्पांत त्याच्या जागी नवी व्यवस्था आली. तोपर्यंत झाकलेले दोष त्यानंतर दिसू लागले : कोठे अर्धे पान तिरप्या अक्षरांत, कोठे संपूर्ण पुढचा मजकूर बारीक टंकात. त्यासाठी अशा दोषांच्या याद्या तयार करणारे साधन संपादकांना आधीच उपलब्ध करून दिलेले होते.

मराठी विकिस्रोत हा प्रताधिकारमुक्त मराठी ग्रंथांचा मुक्त संग्रहही याच कुटुंबातील. २००८ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने मराठी विकिप्रकल्पांच्या कामास साहाय्य केले आहे. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक भारतीय भाषांतील जुन्या ग्रंथांची पाने प्रतिमारूपाने संगणकात आली. प्रतिमेतून शोधयोग्य मजकूर घडवण्याचे, म्हणजे अक्षरे ओळखून त्यांना खुणा लावण्याचे काम त्यानंतरचे आहे. विकिस्रोतात ते एकेका पानावर चालते. दोन पानांवर पसरलेली कविता पहिल्या पानाच्या तळाशी मिटवून दुसऱ्याच्या माथ्यावर पुन्हा उघडावी लागते. तेथे टॅग उघडा राहण्याचा संभव सर्वाधिक असतो, आणि शोधाचा आरंभही तेथूनच करावा.

८. समाप्तीची जागा कोण ठरवणार

येथवरच्या साधनांनी टॅग उघडा आहे हे कळते. तो कोठे मिटावा हे मात्र कळत नाही. ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा देऊन प्रत्येक उघडा चरण ओळीच्या अखेरीस मिटवणे एका क्षणाचे काम आहे. परंतु ओळीची अखेर ही चरणाची अखेर असेलच असे नाही. जुन्या छापील पुस्तकांत एक चरण दोन ओळींत मोडलेला आढळतो. टीप कोठे संपते हे मूळ पान पाहिल्यावाचून सांगता येत नाही, आणि कधी कधी पान पाहूनही ते वादग्रस्त राहते.

हा प्रश्न मराठीला नवा नाही. नक्कलकाराने समासातील टिपण मूळ मजकुरात घातले की पुढच्या प्रतीत ते कवीचेच होऊन बसते, हा हस्तलिखितांच्या अभ्यासकांचा नित्याचा अनुभव आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली, ती याच जाणिवेने. न मिटलेला टॅग आणि समासातून आत आलेले टिपण यांत साधनाचा फरक आहे, परिणामाचा नाही. दोन्हींत कोणाचे बोलणे कोठे संपले हे पुसले जाते.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. प्रथम लिपीची रूपे एकसारखी करावीत. मग मोजणी, मग साच्यांनी संशयित जागांची यादी, मग चळतीने सर्व संहितेची तपासणी. यादीतील प्रत्येक जागा मूळ पानाच्या प्रतिमेशी ताडून हाताने मिटवावी आणि जेथे निर्णय शंकास्पद असेल तेथे तशी नोंद संहितेतच ठेवावी. यंत्राने सुचवलेली एकही दुरुस्ती पान न पाहता स्वीकारू नये. यात वेळ जातो. परंतु एकदा नीट मिटवलेली संहिता पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला, कोशकाराला आणि वाचकाला तशीच नीट मिळते, आणि जयरामाचे शब्द कोणते व राजवाड्यांचे कोणते, हे त्याला पुन्हा विचारावे लागत नाही.